पाठमोरी खुर्ची

आमच्या वाडीत हुतूतूचा सामना असला की मधल्या रेघेच्या टोकाला एक लोखंडी घडीची खुर्ची मांडली जायची, आणि तिची पाठ मैदानाकडे असायची. खुर्चीतल्या माणसाचं तोंड समुद्राकडे. मागे दोन्ही संघ एकमेकांच्या तंगड्या ओढतायत, सुरूच्या झाडांखाली अख्खी वाडी बोंबलतेय, आणि हा माणूस डोळे मिटून, छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून कीर्तनाला बसल्यासारखा बसलेला. पाहुण्या संघातलं कोणीतरी हमखास विचारायचं, "ह्यो कोण रे?" आमची पोरं छाती काढून सांगायची, "आमचे शेक्रेटरी."

त्या छाती काढण्याची मला चीड यायची. अजून येते. माझे केस पांढरे झाले, शाळेतली नोकरी करून मी निवृत्त झाले, त्या मैदानावर आता लोकांनी जाळी वाळत घातलीत, पण ती खुर्ची डोळ्यांपुढे आली की तोंड कडू होतं.

त्यांना नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. आमची त्यांची घरं शेजारी, मध्ये गडग्याचं कुंपण आणि दोघांत मिळून पाण्याची एक बाव. बावीवर त्यांची बायको माझ्या आईला विचारायची, "शेक्रेटरी हयसून गेले काय गो?" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या रिवाजाची तिला चांगली सोय झाली होती. आम्ही मुलं तिला काकी म्हणायचो, पण त्यांना काका म्हणायची आमची कधी जीभ वळली नाही. शेक्रेटरी म्हणजे शेक्रेटरी.

"हुतूतू बघूचा नसता, आयकूचा असता," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि खोटं कशाला बोलू, कान मात्र त्यांचे खरे होते. चढाईला गेलेला गडी हुतूतू हुतूतू करत दम घालतो, तो आवाज ऐकून ते पाठमोऱ्यानं सांगायचे की आता कोण गेलाय, तो डाव्या कोपऱ्यात आहे की उजव्या, आणि अजून किती वेळ टिकेल. एकदा देवगडच्या संघाशी सामना होता. आमचा गडी दोघांना शिवून परत आला, पंचांनी दोन्ही बाद दिले, आणि देवगडवाल्यांनी कालवा केला की दम तुटला होता. हातघाईवर आलं. तेवढ्यात खुर्चीवरून छत्री वर झाली. मागे न बघता शेक्रेटरी म्हणाले, "दम मध्यरेषेच्या पलीकडे तुटलेला आहे. आमचाच खेळाडू बाद." सामना आम्ही हरलो. देवगडची माणसं जाताना त्यांच्या पाया पडून गेली. इतका सरळ माणूस होता हो तो. तेच तर मला अजून झोंबतं.

ते बोलले ते पुस्तकी मराठीत, हे सांगायला हवं. खुर्चीवर बसले की त्यांची मालवणी जायची. "सदर खेळाडू", "समितीचा निर्णय", "हा विषय येथे संपला" असं कचेरीत बोलावं तसं बोलायचे. खुर्चीवरून उठले की पुन्हा आपले "खंय" आणि "कित्याक" वर. पुढे पुढे तर घरातही खुर्चीची भाषा आली. एकदा काकीनं बांगड्याचं तिखलं जरा खारट केलं, तर म्हणाले, "सदर पदार्थ परत घेण्यात यावा." काकी हे सांगून बावीवर हसायची. नंतर नंतर हसेनाशी झाली.

हुतूतूला लागतं काय? दोन रेघा आणि माणसं. पण शेक्रेटरी झाल्याबरोबर त्यांनी क्लबासाठी आधी रबरी शिक्का करून घेतला, मग पत्र्याची ट्रंक आणली, आणि ट्रंकेत ठेवायला काही नाही म्हणून तिच्यात रेघा आखायचा चुना ठेवला. शिंपले भाजून केलेला चुना, वाडीत कोणाच्याही पडवीत मिळणारा. त्याला कुलूप. कुलपाची चावी शिटीबरोबर काळ्या दोऱ्यात त्यांच्या गळ्यात. शेक्रेटरी आंघोळीला गेले असले तर पोरं रेघांवाचून ताटकळत उभी राहायची.

हाच माणूस खेळत असताना कसा होता ते आमच्या बाबांनी बघितलं होतं. बाबा सांगायचे की तेव्हा हा हडकुळा, अंगाला तेल फासून उतरायचा आणि धरला तरी हाताला लागायचा नाही. गावातले मानकरी एकदा मैदान अडवून बसले, तर हा त्यांच्या तोंडावर म्हणाला होता, "मैदान कोणाच्या बापाशीचा नाय." तो शब्द वाडीत गाजला. मग मुंबईच्या एका गिरणीनं त्याला उचलला. नावाला खात्यात नोकरी, काम खेळायचं. महिन्याच्या महिन्याला पगार, वर कपडे, बूट, दूध. आमच्याकडे लोकांना हे खरं वाटत नसे. खेळायचे पैसे कोण देतो? पण तो मे महिन्यात बोटीनं यायचा तेव्हा पायात पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे आणि सगळी पोरं ते बूट बघायला जायची.

मग एका सामन्यात कोणीतरी घोटा धरला, वरून तिघं पडले आणि गुडघा गेला. पुढचं त्यांनी फक्त एकदा सांगितलं, माझ्या आईला, बावीवर. मी कळशी भरत होते. "वयनी," ते म्हणाले, "खेळी होतंय तवसर सायब खांद्यार हात टाकी. गुडघो गेलो, आणि मगे एक दिवस त्याच सायबान माका इचारल्यान, तुजा नाव काय?"

आईनं विचारलं, "मगे तुमी काय सांगलास?"

"काय सांगतलंय? नाव सांगलंय."

गिरणीनं त्यांना गोदामात गठ्ठे उचलायला घातलं. गुडघ्यानं ते जमेना तेव्हा ते परत आले आणि बंदरावर बोटीच्या एजंटाच्या कचेरीत तिकिटं फाडायला बसले. क्लबाच्या अध्यक्षांनी ती जागा मिळवून दिली. अध्यक्ष आंब्याचे व्यापारी, कचेरी त्यांच्या मेव्हण्याची. पुढे अध्यक्षांनीच त्यांना शेक्रेटरी केलं. तेव्हापासून "मैदान कोणाच्या बापाशीचा नाय" हे वाक्य बंद झालं. आता ते म्हणायचे, "मैदान देवस्थानच्या मालकीचे आहे," आणि देवस्थानचे मुख्य मानकरी कोण, तर अध्यक्ष.

नवीन पोरगा क्लबात घ्यायचा तर शेक्रेटरींची एक परीक्षा असायची. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव एकेक मागणं मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बारा वाड्यांचे देव, राखणदार, वाटेवरचे, पाण्यावरचे सगळे येतात त्यात. चांगलं लांबलचक प्रकरण. शेक्रेटरी पोराला उभा करायचे आणि म्हणायचे, "गाऱ्हाणा घाल. एका दमात. अडाकलस तर घराक जा." बहुतेक पोरं तिसऱ्या-चौथ्या देवाला तोंड लाल करून थांबायची.

गुरवाला हे अजिबात आवडायचं नाही. "शेक्रेटरीनू, देवाचा गाऱ्हाणा म्हणजे काय पोरखेळ वाटलो तुमका?" तो एकदा म्हणाला.

"देवाक दमान आयकूक येता, तर एका दमात पण आयकूक येतला," शेक्रेटरी म्हणाले.

अख्खं गाऱ्हाणं एका दमात घालणारा एकच निघाला, तो माझा भाऊ. गुणाजी त्याचं नाव, मी दादा म्हणायचे. त्यानं शेवटच्या व्हय म्हाराजापर्यंत नेलं आणि श्वास न घेता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेक्रेटरी तेव्हा पाठ करून बसले होते. ते उठले, वळले आणि दादाकडे बघत राहिले. मला ती नजर आठवते. दुसऱ्याच्या पानातला तळलेला मासा बघावा तशी होती ती.

दादा बाबांच्या पडावावर काम करायचा. तेव्हा मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावातून तिच्याकडे न्यावे लागायचे. बाबा तांडेल, दादा वल्ह्यावर. दोघांचं पोट त्या कचेरीवर, कारण कोणत्या पडावात किती उतारू घालायचे ते तिकिटं फाडणारा माणूस ठरवायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पण दादाचं मन वल्ह्यात नव्हतं. खेळायचा पगार मिळतो हे त्यानं शेक्रेटरींचे पांढरे बूट बघून लहानपणीच मनात घेतलं होतं. तो मला वाळूत नेऊन सांगायचा, "माका गिरणीत जावचा आसा. खेळतलंय, आणि खेळल्याचे पैशे आयेक धाडतलंय." तो दारू पीत नव्हता, विडी ओढत नव्हता, उलट्या वाऱ्यात वल्हं मारताना दम घालायचा. एवढी एकच गोष्ट त्यानं आयुष्यात मागितली. मी त्याची बहीण आहे म्हणून नाही सांगत, त्याच्यासारखा खेळणारा आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

आणि ती गोष्ट दारात आली. नारळी पौर्णिमेच्या सामन्यांना एका गिरणीचा माणूस आला. त्यानं दोन दिवस सगळं बघितलं आणि शेक्रेटरींना म्हणाला, "तुमचा तो चढाईवाला उत्तम आहे. तो उंच पोरगाही बरा आहे. आमच्याकडे एकच जागा आहे आणि क्लबाची शिफारस लागते. तुम्ही ज्याचं नाव द्याल त्याला घेऊ."

चढाईवाला म्हणजे दादा. उंच पोरगा म्हणजे वसंता, अध्यक्षांचा भाचा. वसंता वाईट नव्हता. उंचीमुळे त्याची पकड बरी बसायची, आणि स्वभावानं तर गायच. पण दादात आणि त्याच्यात किती अंतर होतं हे वसंतालाही ठाऊक होतं.

देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, "वसंता इंग्रजी शिकलोहा. मुंबयत रवाक तेका बरा पडतला."

मागून एक खेळाडू म्हणाला, "गिरणीत हुतूतू इंग्रजीत घालतत काय?"

हशा झाला, मग भांडण झालं. शेक्रेटरी गप्प होते. त्यांनी नुसतं "गुणाजी" एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता, कारण त्यांच्या कानांवर सगळ्यांचा विश्वास होता. ते छत्रीवर हनुवटी टेकून बसले आणि शेवटी म्हणाले, "देवाक इचारूया."

आता देवाला विचारू नका असं कोण म्हणणार? आमच्याकडे लग्न, घर, विहीर, बोट, सगळं देवाला विचारून. गुरव देवाच्या पाषाणाला पाणी लावतो, उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा कौल. त्याच्यावर पुन्हा बोलायचं नसतं.

गुरवानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या पायाकडे इली आसत. गिरणीत धाडूक एक गडी व्हयो आसा. गुणाजीक धाडूचो आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आम्ही बायका बाजूच्या ओट्यावर होतो. मला पाषाण नीट दिसत होता. थोड्याच वेळात उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. पोरांत गलका झाला. दादानं डोळे मिटले.

"थांब," शेक्रेटरी म्हणाले. "पाणी जास्त झाला. ती आपसूक पडली. परत लाव."

गुरवानं त्यांच्याकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं आणि पाषाण पुसून परत पाकळ्या लावल्या. परत तोच प्रश्न, परत व्हय म्हाराजा, आणि परत उजवी पडली.

या वेळी गलका झाला नाही. सगळे शेक्रेटरींकडे बघत होते. "भायरसून वारो येता," ते म्हणाले. "दार ओढ आणि लाव."

दार ओढलं. आत अंधार झाला, समईचा तेवढा उजेड. या वेळी पाकळ्या बराच वेळ राहिल्या. मग डावी पडली. ती जमिनीला लागायच्या आत शेक्रेटरींचे हात जोडले गेले होते. "देवान कौल दिल्यान," ते म्हणाले.

कोणीतरी पुटपुटलं, "व्हय म्हाराजा." मग आणखी कोणी. मग सगळे. आणि त्या सगळ्यांत मी आमच्या बाबांचा आवाज ऐकला. हात जोडून, मान खाली घालून बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा." पडावात उतारू कोण घालतं ते मी मघाशी सांगितलंच.

मी सोळा-सतरा वर्षांची होते. देवळात बायका बोलत नसतात, पोरी तर नाहीतच. मी बोलले. "आणि पयले दोन कौल कोणी दिल्यान?" असं मी ओट्यावरून विचारलं.

पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. कोणी म्हणालं चेडवाक गप करा, कोणी म्हणालं कलियुग. दुसऱ्या दिवशी बाबांना देवापुढे नारळ ठेवून माझ्या वतीनं माफी मागावी लागली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "ह्या चेडवाच्या तोंडातसून नेणतेपणान जो शब्द गेलो, तो पोटात घाल म्हाराजा." मी देवासमोर उभी होते. मागून व्हय म्हाराजा आलं आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज शेक्रेटरींचा होता. खेळाडूचाच दम तो, वया-गुडघ्यानं काही कमी झाला नव्हता.

त्या संध्याकाळी दादा मला म्हणाला, "तू कित्याक बोललंस?"

"तू कित्याक नाय बोललंस?"

"देवाच्या म्होरं काय बोलतलंय?"

"देवान तुजाच नाव घेतल्यान. दोनदा."

"तिसऱ्यांदा नाय घेतल्यान मा?" दादा म्हणाला आणि वल्ह्याला तेल लावायला गेला.

पावसाळ्यात बोट बंद असते. ती सुरू झाली तेव्हा पहिल्याच खेपेला वसंता निघाला. कचेरीच्या खिडकीत शेक्रेटरींनी त्याचं तिकीट फाडलं आणि म्हणाले, "क्लबाच्या शुभेच्छा." त्या दिवशी त्यांनी त्याला आमच्याच पडावात घातला. मुद्दाम घातला की पाळी आमचीच होती, देव जाणे. मी आईबरोबर धक्क्यावर होते. दादानं वसंताची ट्रंक उचलून आत ठेवली. नंतर बाबांनी सांगितलं की वाटेत वसंता रडवेला झाला होता. "गुणो, मी सांगतलंय थंय तुज्याबद्दल. फुडल्या वर्सा तुका बोलावतले," असं तो म्हणत होता. दादा म्हणाला, "नीट धर, लाट येता." तेवढंच.

कोणी बोलावलं नाही. वसंता काही वर्षं खेळला, मग तिथेच कायम झाला, चाळीत खोली मिळाली, लग्न झालं. मे महिन्यात यायचा तेव्हा आमच्याकडे बिस्किटांचा डबा घेऊन यायचा आणि पाच मिनिटांत उठायचा. त्याचे दोन्ही गुडघे अजून शाबूत आहेत. मी मुद्दाम बघितलेत.

इकडे दादा खेळत राहिला आणि क्लब जिंकत राहिला. ढाल आमच्या वाडीतून हलेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की शेक्रेटरींनी एका दगडात किती पक्षी मारले होते. अध्यक्ष खूश, ढाल घरात आणि चांगला गडी हाताशी. ढाल घेताना फोटो काढायचे, त्यात शेक्रेटरी मधोमध आणि दादा कडेला, उभा. दादाच्या लग्नातही ते खुर्ची मागवून मंडपाकडे पाठ करून बसले होते. लोक म्हणाले, काय विक्षिप्त माणूस. माणूस विक्षिप्त असला की त्याला पुष्कळ माफ होतं, हे मी तेव्हाच शिकले.

मग एका वर्षी दादा जरा मंदावला. उन्हापाण्यात वल्हं मारणारं शरीर, किती टिकणार? मी कुडाळला शिक्षिका म्हणून लागले होते. सुट्टीत आले तर देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, "सदर खेळाडूस या हंगामात विश्रांती देण्यात येत आहे." खाली दादाचं नाव. तोंडी सांगायलासुद्धा ते आले नव्हते. गडग्यापलीकडे राहणारा माणूस.

मी तशीच गडगा ओलांडून गेले. शेक्रेटरी पडवीत बसून गुडघ्याला खोबरेल चोळत होते.

"दादाक काढलात," मी म्हणाले.

"तो समितीचा निर्णय आहे."

"समिती म्हणजे तुमीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आवाज बदलला. "बस गो," ते म्हणाले. "ह्यो बघ." त्यांनी धोतर वर केलं. गुडघा कसा तरीच होता, वाटी एका बाजूला सरकलेली, वर जुना वळ. "थंय गेलो असतो तर तुज्या भावाचो पण असोच झालो असतो. दोन-चार वर्सा खांद्यार घेतले असते, आणि मगे नाव इचारले असते. मी वाचवलंय तेका."

"तेका इचारलास?"

तेलाची वाटी त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "माका कोणी इचारल्यान होता?"

मला त्यांची दया आली. नाही आली असं म्हणणार नाही. तो माणूस आयुष्यभर त्या एका प्रश्नाशी अडकला होता हे मला त्या क्षणी दिसलं. खेळाकडे पाठ का करायचे तेही कळलं. कानांनी त्यांना फक्त खेळ ऐकू यायचा. बघितलं असतं तर दुसऱ्या कोणाचे तरी धडके गुडघे दिसले असते. पण दया आली म्हणून राग जात नाही. मी म्हणाले, "तुमका कोणी इचारूक नाय, म्हणान तुमी देवाक तीनदा इचारलास."

त्यांनी धोतर खाली सोडलं, उठले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "हा विषय येथे संपला."

शेवटी त्यांचा गुडघा पार धरला. काठीशिवाय उभं राहता येईना. एस्टीची वाट झाली तसे बोटीचे उतारू घटले आणि कचेरीतली जागाही सुटली. तेव्हा एका संध्याकाळी ते काठी टेकत आमच्या अंगणात आले आणि दादाला म्हणाले, "क्लबाक शेक्रेटरी व्हयो. मी तुजा नाव दिलंय. तुज्याशिवाय कोण आसा?"

दादाचा चेहरा उजळला. किती वर्षांनी उजळलेला बघितला मी तो. मला भडभडून आलं आणि संतापही आला. ते गेल्यावर मी म्हणाले, "घेव नको, दादा."

"मगे काय करू? पडावार बसान लाटा मोजू?"

काळा दोरा, शिटी आणि ट्रंकेची चावी दादाच्या गळ्यात आली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी सुट्टी काढून आले. मैदानावर पोचले तेव्हा सामना रंगात होता. दोरीच्या कडेला, बारक्या पोरांच्या रांगेत, वाळूत पाय पसरून आमचे जुने शेक्रेटरी बसले होते. तोंड मैदानाकडे. डोळे चांगले उघडे. प्रत्येक चढाईला मान इकडून तिकडे जात होती, मध्येच हात आपटत होते, मध्येच हसत होते. मला बघून त्यांनी हाक मारली, "गो, हयसर ये. बघ तो पोरगो काय खेळता. बघ, बघ." शेजारी काकी बसली होती. ती मला म्हणाली, "आता बघतत गो ते. घराकडे पण बरे बोलतत."

मधल्या रेघेच्या टोकाला लोखंडी खुर्ची होती. तिची पाठ मैदानाकडे होती.

मी फिरून पुढे गेले. दादा समुद्राकडे तोंड करून, छत्री गुडघ्यांत धरून, डोळे मिटून बसला होता. त्याचे गुडघे धडके होते. "दादा," मी म्हणाले, "खुर्ची फिरव."

"बघूचा नसता," तो म्हणाला.

मागे चढाईला गेलेला पोरगा दम घालत होता. रापणीच्या जाळ्यानं मासे धरणाऱ्याचा मुलगा तो, अठरा-एकोणीस वर्षांचा. चांगला होता. एके काळी दादा होता तसा होता. मुंबईहून कुठल्याशा कंपनीचा माणूस सामने बघायला आलाय हे मला वाटेतच कळलं होतं.

मी विचारलं, "ह्या पोराक धाडतलंस मा?"

दादानं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूनं पलीकडे पाण्याकडे बघितलं. माझ्याशी तो जन्मात कधी पुस्तकी मराठीत बोलला नव्हता.

"समिती बसेल," तो म्हणाला. "देवाला विचारू."

मागे त्या पोराचा दम चालूच होता. दादानं डोळे परत मिटून घेतले.